खुणेच्या अणूंचा जनक : जॉर्ज द हेवेशी

ताप आला म्हणजे घरोघरी पॅरासिटामॉलची गोळी घेतली जाते. ती पोटात गेल्यावर रक्तात केव्हा उतरते, किती उतरते, तेथे किती वेळ टिकते आणि कोणत्या वाटेने शरीराबाहेर पडते, याचा हिशेब कोणीतरी मांडलेला असतो. म्हणूनच दोन गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर ठेवावे हे डॉक्टरांना सांगता येते. या हिशेबाच्या शास्त्राला औषधगतिशास्त्र असे नाव आहे. त्यात चूक झाली तर अनर्थ ओढवतो. मात्रा कमी पडली तर रोग हटत नाही. अधिक झाली तर ज्या गोळीने ताप उतरावयाचा तीच यकृताचा घात करते. रक्ताच्या लहानशा नमुन्यातील औषधाचा सूक्ष्म अंश अचूक मोजण्यासाठी आज जी रीत सर्वत्र वापरली जाते, तिचे मूळ एका हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाच्या कल्पनेत आहे. आणि ती कल्पना त्यांना एका मोठ्या अपयशातून सुचली. त्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉर्ज द हेवेशी यांचा जन्म 1 ऑगस्ट 1885 रोजी बुडापेस्ट येथे एका सधन कुटुंबात झाला. आठ भावंडांपैकी ते एक होत. पियारिस्ट पंथाच्या धर्मगुरूंनी चालविलेल्या शाळेतून 1903 साली ते उत्तीर्ण झाले. पुढे बुडापेस्ट, बर्लिन व फ्रायबुर्ग येथे अध्ययन करून 1908 साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर काही काळ झुरिक येथे व काही काळ कार्ल्सरूहे येथे फ्रिट्झ हाबर यांच्यापाशी काम करून 1911 साली ते इंग्लंडातील मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. अणूच्या अंतरंगाचा ठाव घेण्याचे काम त्या काळी तेथे चालले होते.

रदरफर्ड यांच्यापुढे एक अडचण होती. योआखिमस्थाल येथील खाणीतून निघणाऱ्या पिचब्लेंड या खनिजापासून त्यांना शेकडो किलो शिसे मिळाले होते. त्या शिशात रेडियम-डी नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला होता. तो प्रयोगांसाठी फार मोलाचा. परंतु शिशाच्या ढिगाऱ्यात दडून बसल्यामुळे निरुपयोगी. तो शिशापासून वेगळा काढण्याचे काम त्यांनी या तरुण हंगेरियनावर सोपविले. हेवेशी यांनी रसायनशास्त्राला ठाऊक असलेल्या नाना तऱ्हा करून पाहिल्या. विरघळविले, साकळविले, पुनःपुन्हा स्फटिक केले. सुमारे दोन वर्षे खटपट करूनही पदरात काहीच पडले नाही. व्हिएन्ना येथील रेडियम संस्थेत फ्रिट्झ पानेथ हेही याच कामी थकले होते.

दुसरा एखादा असता तर हात टेकून अन्य विषयाकडे वळला असता. हेवेशी यांनी मात्र आपल्या अपयशाकडेच निरखून पाहिले. रेडियम-डी शिशापासून कोणत्याही उपायाने वेगळा होत नसेल, तर शिसे जेथे जाईल तेथे तोही गेलाच पाहिजे. शिसे मुके आहे, पण रेडियम-डी किरणे सोडून आपला ठावठिकाणा सांगतो. रानात चरावयास गेलेल्या कळपातील एका गाईच्या गळ्यात घंटा बांधली म्हणजे दाट झाडीतही गुराख्याला साऱ्या कळपाचा माग लागतो, तसेच हे. 1913 साली व्हिएन्ना येथे हेवेशी व पानेथ यांनी शिशाच्या अंगी ही घंटा बांधली, आणि तराजूला ज्यांचा पत्ताही लागला नसता असे पाण्यात विरघळलेल्या शिशाच्या क्षारांचे सूक्ष्म अंश मोजून दाखविले. त्याच वर्षी फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली. एकाच मूलद्रव्याचे अणू वजनाने भिन्न असू शकतात, परंतु रासायनिक वागणुकीत ते जवळजवळ एकसारखेच असतात, हे तिचे सार. रेडियम-डी हे शिशाचेच समस्थानिक होते. ते वेगळे का निघाले नाही याचा उलगडा अशा रीतीने झाला.

मँचेस्टरमधील त्यांच्या वास्तव्याची एक गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ते ज्या खाणावळीत राहत, तेथे रविवारी ताटात उरलेले मांस पुढे आठवडाभर निरनिराळ्या रूपांनी वाढले जाते, असा त्यांना संशय होता. मालकीणबाई तो आरोप साफ नाकारीत. तेव्हा एका रविवारी हेवेशी यांनी आपल्या ताटातील उरलेल्या मांसात किरणोत्सर्गी पदार्थाचा कण मिसळला आणि काही दिवसांनी विद्युत्दर्शक यंत्र जेवणाच्या टेबलावर आणले. यंत्राने साक्ष दिली आणि बाईंना गप्प बसावे लागले. गोष्ट गमतीची असली तरी तीत पुढच्या साऱ्या शास्त्राचे बीज आहे.

पहिल्या महायुद्धात हेवेशी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते. युद्धानंतर मायदेशी राजकीय उलथापालथ झाल्यामुळे 1920 साली ते कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्याकडे गेले. तेथे 1923 साली डिर्क कोस्टर यांच्यासह त्यांनी 72 क्रमांकाचे मूलद्रव्य शोधून काढले आणि कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याचे हाफ्नियम असे नामकरण केले. एवढ्या शोधानेही एखाद्याचे नाव अजरामर झाले असते. परंतु त्याच वर्षी त्यांनी घेवड्याच्या जातीच्या एका रोपाला किरणोत्सर्गी शिशाचे पाणी घालून मुळांतून वर किती शिसे चढते तेही मोजले. खुणेच्या अणूंनी सजीव सृष्टीत प्रवेश केला तो असा. पुढच्या वर्षी पिया रीस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1926 साली ते फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक झाले.

फ्रायबुर्ग येथेच 1931-32 च्या सुमारास त्यांनी आपल्या कल्पनेला एक नवे वळण दिले. खडकातील शिशाचा अंश इतका अल्प असतो की तो पूर्णपणे वेगळा काढून तोलणे दुरापास्त. मग सगळा न काढता तो कसा मोजावा? विद्यार्थी बंधुभगिनींनो, खळ्यात ज्वारीची रास पडली आहे आणि दाणे न मोजता त्यांची संख्या हवी आहे, अशी कल्पना करा. त्या राशीत शंभर दाणे लाल रंगवून टाकावे, रास चांगली कालवावी आणि एक मूठ उचलावी. मुठीतील हजार दाण्यांत दोन लाल निघाले, तर लाल दाणे पाचशेत एक झाले. म्हणजे राशीत सुमारे पन्नास हजार दाणे आहेत. मूठ लहान की मोठी, काही दाणे वाटेत सांडले की काय, याने उत्तर बदलत नाही. कारण सांडताना लाल व पांढरे त्याच प्रमाणात सांडतात. हेवेशी यांनी खडकाच्या द्रावणात रेडियम-डीचे ठराविक माप मिसळून हेच केले. या रीतीला समस्थानिक-विरलन असे म्हणतात.

सन 1931 च्या अखेरीस अमेरिकेत हॅरल्ड युरी व त्यांचे सहकारी यांनी जड हायड्रोजन, म्हणजेच ड्यूटेरियम, शोधून काढला. साध्या हायड्रोजनाच्या दुप्पट वजनाचा हा अणू निसर्गात सुमारे साडेसहा हजारांत एक असा आढळतो. तो किरणे सोडीत नाही आणि अल्प प्रमाणात शरीराला अपाय करीत नाही. हेवेशी यांना त्यात नवी घंटा दिसली. युरी यांच्याकडून मिळालेल्या जड पाण्याचा अंश असलेले पाणी माणसाला पाजून, पुढे त्याच्या मूत्रातील पाणी शुद्ध करून त्याची घनता त्यांनी व त्यांचे सहकारी होफर यांनी दिवसेंदिवस मोजली. आपण प्यालेल्या पाण्यापैकी निम्मे सुमारे नऊ दिवसांत बाहेर पडते आणि पाण्याचा कण शरीरात सरासरी सुमारे तेरा दिवस मुक्काम करतो, असे त्यांना आढळले. 1934 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध निम्मे होण्यास लागणारा काळ आज ज्या भाषेत सांगितला जातो, तीच ही भाषा होय.

त्याच वर्षी हेवेशी यांना जर्मनी सोडावी लागली. त्यांचे घराणे मूळचे ज्यू. नाझी राजवटीत त्यांना तेथे थारा नव्हता. ते पुन्हा कोपनहेगनला बोर यांच्याकडे आले. 1935 साली त्यांनी उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस खाऊ घालून असे दाखविले की, जी हाडे आपण दगडासारखी अचल समजतो त्यांतूनही जुने अणू सतत जातात व नवे येतात.

सन 1940 च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले. माक्स फॉन लाउए व जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदके तेव्हा बोर यांच्या संस्थेत सुरक्षिततेसाठी ठेवलेली होती. देशाबाहेर सोने पाठविणे हा नाझींच्या लेखी मोठा गुन्हा होता आणि पदकांवर तर नावे कोरलेली. हेवेशी यांनी ती अम्लराजात विरघळविली आणि ते द्रावण फळीवर ठेवून दिले. सैनिकांनी संस्था धुंडाळली, पण त्या बाटलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. युद्ध संपल्यावर त्याच द्रावणातून सोने परत काढण्यात आले आणि नोबेल संस्थेने त्याची पदके पुन्हा घडवून दिली. पदार्थ डोळ्यांआड झाला तरी नाहीसा होत नाही, यावर या पुरुषाचा विश्वास किती दृढ होता, ते यावरून कळते.

पुढे 1943 साली त्यांना डेन्मार्कही सोडून स्वीडनचा आश्रय घ्यावा लागला. खुणेच्या अणूंच्या उपयोगाबद्दल 1943 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. उर्वरित आयुष्यातील बहुतेक काळ स्टॉकहोममध्ये संशोधनात घालवून 5 जुलै 1966 रोजी फ्रायबुर्ग येथे ते निवर्तले. 2001 साली त्यांच्या अस्थी जन्मभूमीस, बुडापेस्टला, नेण्यात आल्या.

त्यांनी लावलेले रोप इतरांच्या हातून वाढले. न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ शोनहायमर व डेव्हिड रिटनबर्ग यांनी 1935 पासून जड हायड्रोजनाची खूण घालून शरीरातील चरबीचा माग काढला. 1940 साली रिटनबर्ग व फॉस्टर यांनी किरणोत्सर्गी नसलेली समस्थानिके घेऊन विरलनाची रीत वापरली. 1960 नंतरच्या दशकात स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारे यंत्र, रक्तातील औषधे मोजण्याच्या कामी जुंपले गेले. आणि 1970 नंतर जड हायड्रोजन घालून घडविलेले औषध मापासाठी घेण्याचा प्रघात पडत गेला.

त्याची रीत अशी. पॅरासिटामॉलच्या रेणूचे वजन 151. त्याच्या वलयातील चार हायड्रोजनांच्या जागी चार जड हायड्रोजन बसविले की ते 155 होते. रोग्याच्या रक्तद्रवाचा नमुना हाती येताच, दुसरे काहीही करण्यापूर्वी, त्यात हे जड पॅरासिटामॉल समजा एक मायक्रोग्रॅम मिसळतात. मग प्रथिने काढणे, गाळणे, आटविणे असे संस्कार होतात. प्रत्येक पायरीवर थोडे औषध वाया जाते. कधी निम्मेही जाईल. परंतु हलके व जड दोघेही सारख्याच वाट्याने वाया जातात. शेवटी यंत्र 151 व 155 वजनांचे रेणू निरनिराळे मोजते. हलके जडाच्या आठपट भरले तर नमुन्यात ढोबळमानाने आठ मायक्रोग्रॅम औषध होते. वाटेत काय हरवले याची चिंता करण्याचे कारणच उरत नाही. असे नमुने ठराविक तासांनी घेत गेले म्हणजे औषध चढते कसे व उतरते कसे याची रेषा काढता येते. निरोगी प्रौढाच्या रक्तातील पॅरासिटामॉल सुमारे दोन ते तीन तासांत निम्मे होते, हे अशाच मोजमापांनी कळते. ज्याचे यकृत दुबळे आहे त्याची रेषा निराळी, तान्ह्या बाळाची निराळी.

या कामात सावधगिरीही हवी. कर्बाच्या शंभर अणूंत सुमारे एक अणू निसर्गतःच जड असतो. म्हणून एकच जड हायड्रोजन घालून भागत नाही, साधारणतः तीन किंवा अधिक घालावे लागतात. नाही तर हलक्या औषधातीलच काही रेणू जडांच्या पंक्तीत जाऊन बसतात. शिवाय ते अशा जागी बसवावे लागतात की पाण्यातील साध्या हायड्रोजनाशी त्यांची अदलाबदल होणार नाही. प्राणवायू किंवा नत्र यांना चिकटलेला जड हायड्रोजन पाण्यात सहज निसटतो. कर्बाशी जोडलेला सामान्यतः टिकून राहतो. खूणच पुसली गेली तर साक्ष कशी मिळणार?

हेवेशी यांच्या चरित्रातून आम्हास जे महत्त्वाचे वाटते ते हे. दोन वर्षांच्या श्रमांनंतर त्यांच्या हाती नकारच आला होता. पण तो त्यांनी प्रामाणिकपणे स्वीकारला, आणि जे होत नाही ते का होत नाही हे विचारून त्यातून नवा उपयोग शोधला. शिशाला सोडून न जाणाऱ्या रेडियम-डीने त्यांना प्रथम हरविले आणि मग तोच त्यांचा सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरला. आज जगातील प्रयोगशाळांत औषधाची योग्य मात्रा ठरविताना जड रेणूंचा थेंब नमुन्यात पडतो, तेव्हा हीच जुनी युक्ती नव्याने कामी येते. तिच्या आधारे किती रोग्यांना योग्य मात्रा मिळाली असेल, याची गणती कोणी केलेली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यांच्या परीक्षानळीत अपेक्षित रंग उमटत नाही, त्यांनी ती नळी ओतून टाकण्यापूर्वी क्षणभर या पुरुषाचे स्मरण करावे, एवढेच आमचे सांगणे आहे.