धुळ्याचे रानडे आणि बिलिंग काउंटरवरचा ओटीपी

धुळ्यात आग्रा रोडला कपडे घ्या, नाहीतर जळगावला जाऊन बूट घ्या, बिल करताना दोन गोष्टी ठरलेल्या. आधी मोबाईल नंबर विचारतात, मग म्हणतात, ओटीपी आलाय तो सांगा. आपण सांगतो, पिशवी उचलतो आणि निघतो. या दहा सेकंदांत आपण नक्की कशाला होकार दिला, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

ते समजून घ्यायला आज मी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगणार आहे. ते धुळ्यात होते तेव्हा मोबाईल सोडाच, गावात रेल्वेसुद्धा आलेली नव्हती. पण न वाचता दिलेल्या होकाराचं करायचं काय, या प्रश्नावर त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं घालवली. त्यांचं नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

निफाड ते पुणे

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. लहानपण कोल्हापूरला गेलं, पुढचं शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनला झालं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली, तेव्हा फक्त २१ जण पास झाले. त्यात रानडे होते. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. १८७१ मध्ये ते पुण्याला न्यायाधीश म्हणून आले आणि सार्वजनिक सभेचा मुख्य आधार बनले.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १८७३ मध्ये, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. तिची संमती विचारायची कुणाला गरजही वाटली नाही. यासाठी त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली. पुढे त्यांनी रमाबाईंना घरीच शिकवलं, आणि रमाबाई स्वतः मोठ्या समाजसेविका झाल्या.

खत, नांगर आणि व्याज

आता त्या काळातली उधारी कशी चालायची ते बघू. शेतकरी सावकाराकडे पैसे मागायला जायचा. सावकार मोडी लिपीत खत लिहायचा. शेतकऱ्याला वाचता येत नसे, त्यामुळे सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायचे. खतात रक्कम किती लिहिली, व्याज किती लावलं, हे सावकार सांगेल तेच खरं. पावती मिळायची नाही आणि खताची नक्कलही हातात यायची नाही.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खताची मुदत तीन वर्षं केली. उद्देश असा होता की जुनी कर्जं उकरून काढून शेतकऱ्याला कुणी छळू नये. सावकारांनी त्यालाही पळवाट शोधली. मुदत संपत आली की राहिलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवीन खतावर पुन्हा निशाणी घ्यायची. आता त्या व्याजावरही व्याज चढणार.

हे गणित आजही तसंच चालतं. समजा, क्रेडिट कार्डवर १०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. काहीच भरलं नाही तर वर्षभरात ते १५,००० च्या वर जातात. लेट फी आणि जीएसटी वेगळा. मिनिमम ड्यू भरला की लेट फी टळते, पण उरलेल्या रकमेवरचं व्याज थांबत नाही.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांचा बांध फुटला. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली, आणि मागितले ते कागद. खतं आणि चोपड्या ताब्यात घेऊन जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

धुळ्याची बदली

हा कायदा होत होता त्याच वर्षी रानडे धुळ्यात येऊन पडले. १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली होती. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू झालं आणि मे महिन्यात पुण्याचे बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले. पुण्यातल्या शिकलेल्या पुढाऱ्यांची बंडाला फूस आहे, असा सरकारला संशय होता. रानड्यांना तातडीनं धुळ्याला धाडण्यात आलं. तेव्हा धुळे हे अख्ख्या खानदेश जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, पण पुण्या-मुंबईपासून चांगलंच लांब.

धुळ्यात त्यांच्यावर पाळत होती. त्यांना आलेली पत्रं आधी फोडली जायची आणि मग त्यांच्या हाती पडायची. बंडवाल्यांच्या नावानं लिहिलेली पत्रंसुद्धा त्यांना यायला लागली. रानडे ती सरळ पोलिसांकडे पाठवून द्यायचे. शेवटी संशय फिटला आणि १८८१ च्या सुरुवातीला त्यांना मुंबईला मॅजिस्ट्रेट म्हणून नेमलं. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत हे दिवस लिहून ठेवले.

मला ही हकीकत वाचताना डेटाच आठवतो. निदान आपली पत्रं फोडली जातात हे रानड्यांना कळलं होतं. दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तुमचा मोबाईल नंबर हीच तुमची ओळख असते. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे आतली रचना सांगतो. नंबर टाकला की त्या नंबरखाली तुमची सगळी बिलं जमा होत जातात. कोणत्या महिन्यात आलात, काय घेतलं, किती खर्च केला, डिस्काउंट असेल तरच येता का. यावरून पुढचा मेसेज कुठला पाठवायचा ते ठरतं. हे बघून तुम्हाला कुणी फोन करत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

कायद्यानं काय बदललं

१८७९ चा कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी मला आजही फार कामाच्या वाटतात.

पहिली, शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारसमोरच व्हायचं. त्यानं माणूस ओळखायचा आणि मजकूर वाचून दाखवायचा, निशाणी त्यानंतर.

दुसरी, दिलेल्या पैशाची पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. पासबुकात नोंद करून मागता येऊ लागली. सावकारानं नाकारलं तर दंड.

तिसरी सगळ्यात मोठी. कोर्टानं फक्त खत बघून निकाल द्यायचा नाही. शेतकऱ्यानं देणं कबूल केलं तरी पहिल्या दिवसापासूनचा व्यवहार तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, आणि मुद्दलात मिसळलेलं जुनं व्याज बाजूला काढायचं. म्हणजे निशाणी असली की विषय संपला, असं राहिलं नाही.

धुळ्याहून सुटल्यावर रानडे याच कायद्याच्या कामाला लागले. कोर्टं नीट तपासणी करतात का, गावचे रजिस्ट्रार खरंच वाचून दाखवतात का, हे बघत ते जिल्ह्यांतून फिरले. १८८७ मध्ये ते या कायद्याखालचे स्पेशल जज्ज झाले आणि १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टात जाईपर्यंत हेच काम पाहत होते. कालपरवापर्यंत ज्यांची पत्रं सरकार फोडत होतं, त्यांच्याच हातात सरकारनं हा कायदा राबवायला दिला.

कायदा काही जादूची कांडी नव्हता. काही सावकार कर्जाच्या कागदाऐवजी जमिनीचं विक्रीखतच लिहून घेऊ लागले. रानड्यांना दिसत होतं की नुसत्या बंधनांनी भागणार नाही, शेतकऱ्याला स्वस्त आणि सरळ कर्ज मिळायची दुसरी सोय हवी. १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी युरोपातल्या जमीन-बँकांचे दाखले देऊन हे मांडलं. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ मध्ये आला.

आजचं खत ओळखायचं कसं

काउंटरवर जे गळ्यात मारतात ते मुख्यतः तीन प्रकारचं असतं. एक, साधं मेंबरशिप किंवा पॉइंट्सचं कार्ड. यात कर्ज नसतं, किंमत म्हणून तुमचा डेटा जातो. दोन, दुकानाचं नाव छापलेलं क्रेडिट कार्ड. नाव दुकानाचं असलं तरी उधार देते बँक. तीन, ईएमआय कार्ड किंवा पे लेटर. हेही कर्जच, बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं.

ओळखायची सोपी खूण सांगतो. नंबर आणि नाव एवढंच विचारलं तर बहुधा पहिला प्रकार. पॅन, उत्पन्न, सेल्फी किंवा आधारचा ओटीपी मागितला, की समजा खत लिहिणं सुरू झालं. अशा अर्जाची नोंद तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये जाऊ शकते, पुढे कार्ड वापरा किंवा न वापरा.

आता रानड्यांच्या वेळच्या त्या तीन गोष्टी आजच्या नियमांत शोधू.

वाचून दाखवणं: कर्जाबरोबर मुख्य अटींचा तक्ता द्यायचा आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२४ चा नियम आहे. डेटाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीची सूचना मराठीत मागायची सोय आहे, आणि संमती दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. शिवाय, बिल करायला मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलेलं आहे.

हिशेब मागणं: प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात न घेतलेलं कार्ड किंवा कर्ज दिसतंय का, ते बघा.

निशाणीच्या मागे जाणं: न मागितलेलं क्रेडिट कार्ड देणं रिझर्व्ह बँकेनं बंद केलेलं आहे. असं कार्ड तुमच्या संमतीशिवाय चालू करून बिल लावलं, तर बँकेला ते परत फिरवावं लागतं आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो.

पण आज तुमच्या बाजूला उभा राहून मजकूर वाचणारा गावचा रजिस्ट्रार नाही. ते काम ओटीपीच्या मेसेजलाच करावं लागतं. त्यात आकड्याच्या आजूबाजूला एक वाक्य असतं, कशासाठी ओटीपी आणि कुणाकडून. काउंटरवरच्या मुलाला टार्गेट असतं आणि मागे रांग लागलेली असते, तरी ते वाक्य आधी वाचा. त्यात बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव, लोन किंवा कार्ड असे शब्द दिसले तर आकडा सांगू नका. सरळ म्हणा, दादा, कार्ड नको, फक्त बिल करा. बिल तरीही होतं.