फिलिपिन्समधील आडनावे स्पॅनिश कशी? यादीतून आडनावे वाटणाऱ्या गव्हर्नरची गोष्ट

नार्सिसो क्लाव्हेरिया यांचा जन्म १७९५चा, स्पेनमधील गिरोनाचा. १८४४ मध्ये ते फिलिपिन्सचे गव्हर्नर-जनरल झाले आणि त्याच वर्षीचा ३१ डिसेंबर त्यांनी थेट रद्द केला. मेक्सिकोमार्गे आलेली तिथली तारीख शेजारी देशांपेक्षा एक दिवस मागे होती!

खरी डोकेदुखी आडनावांची होती. गावोगावी ‘दे ला क्रूझ’ आणि ‘दे लोस सान्तोस’, तर एकाच घरात वेगवेगळी आडनावे. मग कर कोणाकडून वसूल करायचा? नोव्हेंबर १८४९ मध्ये फर्मान निघाले. सुमारे ६० हजार आडनावांची छापील यादी प्रांतांत गेली. त्यात स्थानिक भाषांतले शब्दही होते. चार पिढ्या एकच आडनाव लावणाऱ्यांना सूट मिळाली. बाकीच्यांना यादीतलेच घ्यावे लागले.

काही प्रांतांत एका गावाला एकच अक्षर मिळाले. आल्बायमधील ओआस गावात आजही ‘र’ची आडनावे भरपूर आहेत. आपल्याकडे ‘कर’वरून गाव कळते, तसे तिथे पहिल्या अक्षरावरून. त्यामुळे तिथले स्पॅनिश आडनाव म्हणजे स्पॅनिश पूर्वज, हा अंदाज बहुतेकदा चुकतो.

फर्मानानंतर महिनाभरातच क्लाव्हेरियांनी पद सोडले. १८५१ मध्ये माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले. फिलिपिन्समध्ये त्यांच्या नावाची गावे मात्र आजही आहेत.