गांधारीचा कोप व परमेश्वराचे निर्दोषत्व

परमेश्वर कृपाळू आहे, असे आपण म्हणतो. तो सर्वसामर्थ्यवान आहे, असेही म्हणतो. मग जीवाच्या वाट्यास आलेले दुःख तो पाहत राहिला, तर त्या दुःखाचा दोष त्याच्याकडे जातो की नाही? हा प्रश्न एखाद्या वादप्रिय माणसाने विचारला तर शास्त्राधाराने त्याचे समाधान करता येते. परंतु हाताशी आलेला मुलगा गमावलेला वासनिक जेव्हा हाच प्रश्न विचारतो आणि परमेश्वराचे नाव घेताना त्याच्या स्वरात भक्तीऐवजी संताप येतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याचीच परीक्षा होते.

हा प्रश्न परमेश्वर अवतारास समोरासमोर विचारणारी एक स्त्री महाभारतात आहे. तिने नुसता प्रश्न विचारला नाही, शापही दिला. द्वारावतीकार श्रीकृष्ण चक्रवर्तींस शाप देणारी म्हणून गांधारीचे नाव आपण ऐकतो आणि पुढे जातो. तिचे समग्र चरित्र डोळ्यांसमोर ठेवले तर या प्रश्नाचा उलगडा बराच होतो, म्हणून येथे ते क्रमाने पाहावयाचे आहे.

गांधारी ही गांधार देशाच्या सुबल राजाची कन्या. पेशावरच्या खोऱ्यापासून तक्षशिलेपर्यंतचा प्रदेश तो गांधार देश होय. शंकराची आराधना करून तिने शंभर पुत्रांचा वर मिळविला होता, आणि तो वर ऐकूनच भीष्मांनी धृतराष्ट्रासाठी तिला मागणी घातली. वर आंधळा म्हणून सुबल प्रथम घुटमळला. परंतु कुरूंचे कुळ व कीर्ती पाहून त्याने होकार दिला. पती दृष्टिहीन आहे हे कळताच गांधारीने वस्त्राच्या अनेक घड्या करून आपले डोळे बांधून घेतले. पतीपेक्षा आपणांस अधिक काही असू नये, हा तिचा निश्चय होता. भाऊ शकुनी तिला हस्तिनापुरास घेऊन आला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या शंभर पुत्रांच्या मरणासाठी तिने पुढे श्रीकृष्ण महाराजांस जबाबदार धरले, ते पुत्र तिला देवतेच्या वरदानाने प्राप्त झाले होते. देवतांचे फळ नाशिवंत असते आणि त्यात सुखाबरोबर दुःखही मिसळलेले असते, हे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणाचे अभ्यासक जाणतात. मागितले ते मिळाले. परंतु मिळालेले टिकावे, ही हमी त्या दानात नव्हती.

गर्भ दोन वर्षे राहिला, तरी प्रसूती होईना. कुंतीस पुत्र झाल्याचे ऐकून गांधारीने उद्वेगाने आपल्या उदरावर आघात केला आणि लोखंडासारखा कठीण मांसपिंड बाहेर पडला. व्यासांच्या सांगण्यावरून त्याचे भाग तुपाच्या घड्यांत ठेवण्यात आले व त्यांतून शंभर पुत्र आणि दुःशला नावाची एक कन्या उत्पन्न झाली. दुर्योधनाच्या जन्मसमयी अपशकुन झाले. कुळाच्या रक्षणार्थ या एका पुत्राचा त्याग करावा, असे विदुराने सांगितले. पुत्रमोहाने धृतराष्ट्राने ते मानले नाही.

ही माता आंधळ्या प्रेमाची होती, असे मात्र म्हणता येत नाही. डोळे बांधलेले असूनही तिला घरातील अधर्म दिसत होता. दुसऱ्या द्यूताच्या वेळी तिने पतीस विदुराच्या त्या जुन्या सल्ल्याचे स्मरण दिले आणि दुर्योधनाचा त्याग करावा असे स्पष्ट सांगितले. पुढे श्रीकृष्ण महाराज स्वतः शिष्टाई करण्यास हस्तिनापुरास आले. दुर्योधन ऐकेना, तेव्हा गांधारीस सभेत बोलावण्यात आले. तिने भर सभेत आधी पतीस दोष दिला, कारण पुत्राचे पाप ठाऊक असून त्याने त्यास राज्य दिले होते. मग पुत्रास अर्धे राज्य देण्याविषयी समजाविले. आईचे शब्द कानांआड करून दुर्योधन सभेतून निघून गेला आणि त्याने प्रत्यक्ष श्रीकृष्ण महाराजांस बांधण्याचा बेत केला. भगवंतांनी आपले विश्वरूप प्रकट केले. ते पाहूनही त्याची बुद्धी पालटली नाही.

युद्धाचे अठरा दिवस दुर्योधन तिच्याकडे जयाचा आशीर्वाद मागत असे. जिकडे धर्म तिकडे जय, याहून अधिक काही ती बोलली नाही. आपल्या पुत्राचा पक्ष कोणता, हे ती जाणून होती. तरीही पुत्र तो पुत्रच!

दुर्योधन पडल्यावर गांधारीच्या तपोबळाचे भय युधिष्ठिरास वाटले आणि त्याने श्रीकृष्ण महाराजांस पुढे धाडले. त्यांनी तिला सभेतील तिच्याच बोलण्याची आठवण करून दिली. तिने ते मान्य केले. आपले मन डळमळले होते, ते आता स्थिर झाले असे सांगितले. आणि पुत्रहीन, वृद्ध, आंधळ्या राजाचा आधार आता तुम्ही व पांडव, असे म्हणून तोंडावर वस्त्र घेऊन ती रडू लागली. शोकाचे समाधान एकदा झाले म्हणजे ते कायमचे झाले, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग व यापुढचा प्रसंग जोडून वाचावा.

पांडव भेटीस आले तेव्हा कोप पुन्हा उसळला. ती युधिष्ठिरास शापणार, तोच व्यासांनी तिला आवरले. डोळ्यांवरील पट्टीच्या फटीतून तिची नजर युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडली आणि ती नखे विद्रूप झाली. हे पाहून अर्जुन श्रीकृष्ण महाराजांच्या मागे जाऊन उभा राहिला. भीमास तिने विचारले की शंभरांतील एखादा, ज्याचा अपराध थोडा असेल असा एक, आम्हां दोघां आंधळ्या म्हाताऱ्यांची काठी म्हणून का ठेवला नाहीस? या प्रश्नास भीमाकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीने तिने कुरुक्षेत्र पाहिले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ ते १९६६ या काळात प्रसिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत स्त्रीपर्वाचे २७ अध्याय आहेत, आणि त्यांपैकी १६ ते २५ हे दहा अध्याय गांधारीच्या विलापास दिलेले आहेत. दुर्योधनास पाहून ती मूर्च्छित पडली. सावध झाल्यावर तिने एकेकाचे प्रेत श्रीकृष्ण महाराजांस दाखविले. त्यात तिचे पुत्र होते, तसा शत्रुपक्षाचा अभिमन्यू होता व त्याच्यावर पडून रडणारी उत्तरा होती. पती जयद्रथाचे मस्तक शोधीत धावणारी दुःशला होती. कर्ण, भूरिश्रवा, शकुनी, द्रोण, शरशय्येवरील भीष्म, हे सर्व होते. दहा अध्यायांपर्यंत ज्यांस ती हे सांगत होती, त्यांनी तिला मध्ये अडविले नाही.

मग तिने आरोप केला. तुम्ही समर्थ होता, तुमच्याजवळ सैन्य होते, दोन्ही पक्ष तुमचा शब्द ऐकून घेत होते. असे असता कौरव-पांडव एकमेकांस मारीत असताना तुम्ही उपेक्षा केली. म्हणून आजपासून छत्तिसाव्या वर्षी तुमच्याही कुळाचा असाच संहार होईल आणि तुमच्या स्त्रियाही अशाच रडतील, या आशयाचा तो शाप होता.

आता आरोपाचा विचार करू. तुम्ही हे केले, असे गांधारी म्हणत नाही. तुम्ही हे होऊ दिले, असे ती म्हणते. दुःखी जीवाचा परमेश्वरावरील आक्षेप सर्वत्र हाच असतो. पहिले उत्तर तिच्याच चरित्रात आहे. उपेक्षा झाली नव्हती. शिष्टाई झाली, पाच गावांवर संतोष मानण्याची तयारी कळविली गेली, विश्वरूप दाखविले गेले. आणि या प्रयत्नांची सर्वांत जवळची साक्षीदार गांधारीच होती. ज्या सभेत भगवंतांचा शब्द वाया गेला, त्याच सभेत आईचाही शब्द वाया गेला होता. पुत्राने आपले का ऐकले नाही, याचे जे उत्तर तिला ठाऊक होते, तेच उत्तर त्यांनी भगवंतांचे का ऐकले नाही, यासही लागू होते.

तरीही शंका उरते. समर्थाने बळाने का थांबविले नाही? येथे आपल्या शास्त्रातील पदार्थविवेक उपयोगी पडतो. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत. जीवाची अविद्या अनादी आहे. ती परमेश्वराने घातलेली नाही. जीव कर्मे करतो आणि त्यांची फळे देवतांकरवी कर्मरहाटीप्रमाणे भोगतो. परमेश्वर दुःखदाता नाही. जीवास सोडविण्याचे त्यास व्यसन आहे, आणि त्यासाठी तो अवतार घेऊन ज्ञान देतो, प्रेम देतो. परंतु घेणाराने हात पुढे करावा लागतो. बळाने दुर्योधनाचे हात बांधता आले असते. त्याचा द्वेष त्यामुळे गेला नसता, आणि जी अविद्या घालविण्यासाठी अवतार, ती जिथल्या तिथे राहिली असती. विश्वरूप पाहून जो वळला नाही, त्यास बेडीने वळविणे म्हणजे जीवास जडासारखे वागविणे होय. परमेश्वर तसे करीत नाही.

शाप ऐकून श्रीकृष्ण महाराज किंचित हसले. यादवांचा संहार आपल्यावाचून कोणी करू शकणार नाही आणि हे होणार आपणांस ठाऊक आहे, असे त्यांनी सांगितले. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात त्याच अंताचे निमित्त ऋषींचा शाप आहे. आपल्या भास्करभट्ट बोरीकरांच्या उद्धवगीतेमुळे तो स्कंध आपल्या परिचयाचा आहे. निमित्ते दोन, अंत एक, आणि प्रवृत्ती परमेश्वराची. शाप परमेश्वरास बाधत नाही. गांधारीस दोष घडला, यात संशय नाही. परंतु भगवंतांनी उलट शाप दिला नाही, तोंडही फिरविले नाही.

यापुढील तिचे आयुष्य थोडे सांगितले जाते. पंधरा वर्षे ती युधिष्ठिराच्या घरी राहिली. मग ती वनात निघाली तेव्हा पुढे कुंती, कुंतीच्या खांद्यावर गांधारीचा हात आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात होता. शंभर पुत्रांची आई विजयी पुत्रांच्या आईच्या आधाराने चालत होती. वनात तिने व्यासांस सांगितले की सोळा वर्षे झाली, तरी राजास रात्री झोप नाही. त्यास पुत्र एकदा दाखवावे. व्यासांनी गंगेच्या पाण्यातून ते सर्व मृत वीर एका रात्रीपुरते वर आणले. ते वैर सोडून एकमेकांस भेटले आणि पहाटे परत गेले. पुढे गंगाद्वाराजवळ वणवा लागला, तेव्हा ती पती व कुंती यांच्यासह पूर्वाभिमुख स्थिर बसून राहिली व तेथेच तिचा देह पडला. आपला शाप फळास आलेला तिने पाहिला नाही.

आपल्या पंथात आचार्य श्रीनागदेव भटोबासांचे उदाहरण आहे. सर्वज्ञ उत्तरापंथे गेल्यावर त्यांस झालेले दुःख लहान नव्हते. ते दुःख कोपाकडे न जाता स्मरणाकडे गेले, आणि स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते श्रीप्रभूंच्या सेवेस ऋद्धिपुरास गेले. साधकाने हाच मार्ग धरावा. परंतु प्रत्येक शोकग्रस्त नामधारक भटोबास नसतो. तो गांधारीसारखा बोलू लागला, तर महंतांनी व तपस्विनींनी त्याच्या तोंडावर लगेच कर्मसिद्धांत फेकू नये. सिद्धांत सत्य आहे, पण त्याची वेळ असते. श्रीकृष्ण महाराजांनी आधी सर्व ऐकले, शापही ऐकला, आणि मगच सांगितले की कुरूंच्या नाशात तुझाही अपराध आहे. हे कठोर सत्य सांगण्याचा अधिकार त्या ऐकून घेण्याने सिद्ध झाला होता. शिवाय जो परमेश्वरावर रागावतो, तो अद्याप परमेश्वराशीच बोलत असतो. संबंध तुटलेला नसतो. तो आपल्या उतावीळ उत्तराने तुटू नये.

शाप देऊन ती भूमीवर बसली होती. त्यानंतर भगवंतांनी तिला उद्देशून जे म्हटले, त्यात दोषाची गोष्ट मागाहून आली. सर्वांत आधी त्यांनी तिला ऊठ म्हणून सांगितले.