हेन्रिएटा लॅक्स : न मागता घेतलेले दान

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर अतिसूक्ष्म कणांमधून जनुकीय उपचार पोहोचवण्याचे प्रयोग आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. अशा उपचाराची प्राथमिक कसोटी अनेकदा ‘हेला’ नावाच्या पेशींवर घेतली जाते. या पेशी ज्या स्त्रीच्या शरीरातून आल्या, त्या हेन्रिएटा लॅक्स यांना आपल्या या वारशाची कधीच कल्पना नव्हती.

हेन्रिएटा यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक येथे झाला. त्या चार वर्षांच्या असताना आई बाळंतपणात दगावली आणि क्लोव्हर या खेड्यात आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. राहते घर म्हणजे एकेकाळची गुलामांची लाकडी खोली आणि काम तंबाखूच्या शेतातले. १९४१ मध्ये डेव्हिड लॅक्स यांच्याशी विवाह झाल्यावर पोलाद कारखान्यातील रोजगारासाठी हे कुटुंब बाल्टिमोरजवळ स्थायिक झाले. त्यांना पाच अपत्ये झाली.

पाचव्या बाळंतपणानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९५१ मध्ये, पोटातील गाठीची तक्रार घेऊन त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. तेथे कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळे कक्ष होते. निदान गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे झाले. रेडियमच्या उपचाराच्या वेळी गाठीचा एक तुकडा काढून डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आला. त्यासाठी हेन्रिएटा यांची संमती कोणी विचारली नाही. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तोवर शरीराबाहेर वाढवलेल्या मानवी पेशी फार दिवस तग धरत नसत. या पेशी मात्र साधारण एका दिवसात दुप्पट होत राहिल्या. नाव व आडनाव यांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘हेला’ म्हटले गेले. पोलिओ लसीच्या चाचणीत त्यांचा मोठा उपयोग झाला. त्यांच्या खरेदी-विक्रीतून व्यवसाय उभे राहिले. कुटुंबाला मात्र १९७० च्या दशकापर्यंत याची वार्ताही नव्हती.

त्यांच्या आजाराचे मूळही याच पेशींतून उलगडले. १९८० च्या दशकात हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराची जनुके आढळली. या विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात. या संशोधनातून पुढे प्रतिबंधक लसीचा मार्ग खुला झाला आणि २००८ मध्ये हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नव्या प्रयोगांचे लक्ष्य हीच दोन प्रथिने आहेत. मेदाच्या किंवा पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत जनुके निष्क्रिय करणारे रेणू भरून ते पेशीत सोडले जातात. प्रथिने बनणे थांबले की पेशीचा लगाम पुन्हा कार्यरत होतो. हा उपचार अद्याप नित्याचा झालेला नाही.

हेन्रिएटा यांच्या दफनभूमीत २०१० पर्यंत नावाची शिळाही नव्हती. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. ज्या रोगाने त्यांचा बळी घेतला, त्याच रोगावरील औषधाचा शोध आजही त्यांच्या पेशींच्या आधारे चालू आहे. हे ऋण मान्य करायला जगाला सत्तर वर्षे लागली.