शेजारच्या खोलीतील सहधर्मचारिणी

डॉ. विल्यम केरी हे नाव मराठी ख्रिस्ती वाचकांना परके नाही. बंगालमधील सेरामपूर येथून १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण, १८१० साली शब्दकोश आणि १८११ साली मोडी लिपीतील नवा करार प्रसिद्ध झाला. आम्हां भाषांतरकारांवर त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु ज्या टेबलावर हे कार्य सुरू झाले, त्याच्या शेजारच्या बंद खोलीचे स्मरण आपल्याला क्वचितच होते. त्या खोलीत केरींची पत्नी डोरोथी राहत असे.

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. चांभारकाम करून ते पोट भरीत. १० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या मंदिरात डोरोथी प्लॅकेट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून विवाहाच्या नोंदवहीत तिने फुलीची खूण केली. त्या वेदीपुढे दोघांनी सुखदुःखात व आजारपणात एकमेकांस अंतर न देण्याचे वचन दिले. त्या वचनाची कसोटी कोठे लागणार आहे, हे त्या दिवशी दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

संसार दारिद्र्याचा होता. दोन मुली बालपणीच दगावल्या. केरी मात्र ग्रीक, हिब्रू शिकत होते आणि त्यांचे मन दूरदेशीच्या लोकांकडे ओढ घेत होते. १७९२ साली बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि केरींनी हिंदुस्थानात जाण्याचा निश्चय केला. डोरोथीने नकार दिला. तिला दिवस गेले होते, आणि माहेरच्या गावाबाहेरचे जग तिने फारसे पाहिले नव्हते. थोरला मुलगा फेलिक्स याला घेऊन केरी निघाले. परंतु जहाजाची अडचण उद्भवून त्यांना परतावे लागले. त्यांचे सोबती जॉन थॉमस यांनी पुन्हा गळ घातली, तेव्हा बहीण कॅथरीन बरोबर येणार असेल तर येते, असे डोरोथीने कबूल केले. १३ जून १७९३ रोजी डेन्मार्कच्या जहाजातून सारे निघाले, तेव्हा तिच्या मांडीवर तान्हे बाळ होते.

नोव्हेंबरात ते कलकत्त्याला पोहोचले. पैसा संपला, बिऱ्हाडे बदलली. डोरोथी व फेलिक्स हगवणीने अंथरुणाला खिळली. पुढे मालद्याजवळ मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर केरींना नोकरी मिळाली. तेथे १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर आजारपणात गेला. त्याची कबर खणण्यास व शव वाहून नेण्यास माणसे मिळणेही कठीण झाले.

या आघातानंतर, १७९५ च्या आरंभी, डोरोथीचे चित्त ढळले. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. पती आपल्याशी एकनिष्ठ नाही, असा भ्रम तिच्या मनात घर करून बसला. ती रस्त्यात त्यांचा पाठलाग करी, लोकांदेखत आरोप करी, क्वचित त्यांच्या जिवावरही उठे. ज्याने एकनिष्ठ राहावे त्याच्यावरच नेमका हा आरोप यावा, याहून जिव्हारी लागणारे दुःख कोणते?

तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. त्या काळी अशा ठिकाणी रुग्णांचे काय हाल होत, हे केरींना ठाऊक होते. त्यांनी तिला घरातच ठेवले. १८०० साली कुटुंब सेरामपूरला आले, तेव्हा ती सोबत होती. पुढे तिला खोलीत बंद करून ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शेजारच्या खोलीत तिचा आरडाओरडा चालू असताना केरी मुद्रिते तपासीत, पंडितांबरोबर शब्दांचा अर्थ लावीत. अशी बारा वर्षे गेली. ८ डिसेंबर १८०७ रोजी तापाने तिचे निधन झाले.

केरी निर्दोष होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पत्नीच्या नकाराचे वजन त्यांनी पुरेसे ओळखले नाही. सहा महिन्यांच्या आत त्यांनी शार्लट रुमोर हिच्याशी विवाह केला, हेही काही सहकाऱ्यांना रुचले नाही. शार्लट प्रकृतीने अशक्त. तिचीही त्यांनी १८२१ पर्यंत मायेने काळजी घेतली. ९ जून १८३४ रोजी केरी निवर्तले, तेव्हा त्यांची शुश्रूषा करणारी होती तिसरी पत्नी ग्रेस. दुसऱ्याला सांभाळणाऱ्यालाही एक दिवस सांभाळून घ्यावे लागते.

डोरोथीचा आजार स्मृतिभ्रंशाचा नव्हता. तरी आज ऐन पन्नाशीत ज्यांचा जोडीदार स्मृतिभ्रंशाने परका होत चालला आहे, ज्यांना आपल्याच माणसाचे कठोर शब्द ऐकावे लागतात, अशा बंधुभगिनींना तिच्या खोलीचे दार ओळखीचे वाटेल. तेथे चमत्कार घडला नाही. ती बरी झाली नाही. दार कुलूपबंद करावे लागले, पण ते घराचेच दार होते. पौलाने करिंथकरांना लिहिताना प्रीतीच्या लक्षणांत सहनशीलतेला पहिले स्थान दिले, ते उगाच नव्हे.

आणि सहन केवळ केरींनीच केले असेही नाही. तीन लेकरे गमावून, मायदेश सोडून, अखेरीस स्वतःचे चित्तही हरवून डोरोथीने या कार्याची किंमत मोजली. मराठी शास्त्राच्या पहिल्या प्रतीवर तिचे नाव नाही. सहीऐवजी फुली करणाऱ्या त्या स्त्रीला ते वाचताही आले नसते. प्रिय वाचकहो, शास्त्र उघडताना केरींबरोबर तिचेही स्मरण करू या. आणि आपल्या मंडळीत अशी एखादी बंद खोली असेल, तर तिच्या दाराशी तासभर बसून त्या थकलेल्या सोबत्याला थोडी विश्रांती देऊ या.