जगातले दोन तृतीयांश लोक उपाशी? हा आकडा खोडून काढणारा साताऱ्याचा माणूस

दरवर्षी जागतिक भूक निर्देशांक आला की भारताचा नंबर मोबाईलवर फिरायला लागतो. २०२३ मध्ये तो १२५ देशांत १११ वा होता. ३,००० लोकांचं सॅम्पल फारच छोटं आहे, असं म्हणत केंद्र सरकारने तो नाकारला. मग भांडण सुरू झालं. पण उपाशी नेमकं कोणाला धरायचं? या प्रश्नाचं गणित एका मराठी माणसाने मांडून ठेवलंय. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

बुधहून लंडनला

१९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी त्यांचा जन्म झाला. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज आणि पुढे लंडनमध्ये संख्याशास्त्राची डॉक्टरेट. १९४० च्या दशकात ते सरकारी कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या सर्व्हेचं काम बघत होते.

तेव्हा उत्पादन मोजायला शेतातला छोटासा तुकडा कापून वजन करायचे. सुखात्मेंनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा असला, की कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. प्रशांतचंद्र महालनोबिसांसारख्या दिग्गजाशी त्यांचा यावर वाद झाला.

हा वाद आजही जुना झालेला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत सोयाबीनच्या विम्याची भरपाई मिळणार का, हे महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरही अवलंबून असतं. तिथे आकडा फुगला, तर नुकसान होऊनही शेतकऱ्याचे हात रिकामेच राहतात.

सरासरीचा घोळ

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. जगातले दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरत होतं. ते संघटनेचे पहिले प्रमुख आणि नोबेल विजेते जॉन बॉइड ऑर यांचं होतं, त्यामुळे सहसा कोणी शंका घेत नव्हतं.

सुखात्मेंचा मुद्दा साधा होता. समजा, १०० धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या लोकांची सरासरी गरज २,४०० कॅलरी आहे. त्यातले साधारण निम्मे याहून कमीच खातील, कारण त्यांची गरजच कमी आहे. सरासरीखालच्या सगळ्यांना उपाशी ठरवलं तर भुकेचा आकडा फुगणारच.

१९६१ मध्ये त्यांनी नवा अंदाज मांडला: पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के. निकृष्ट आहारवाले धरले तर मात्र निम्म्यापर्यंत. म्हणजे भूक आणि कुपोषण हे दोन वेगळे आकडे होते, ते एकत्र झाले होते.

रेषा खालीही सरकते

१९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २,२५० कॅलरींच्या आधारे भारतातली गरिबी मोजली. शरीर कमी आहाराशी जुळवून घेतं, त्यामुळे रेषा आणखी खाली हवी, असं सुखात्मेंचं म्हणणं होतं. दांडेकरांना ते पटलं नाही. रेषा खाली नेली की खरे उपाशी लोकही यादीतून गायब होतात, हा टीकाकारांचा आक्षेप होता. दोघांमधला हा वाद बरीच वर्षं चालला.

सुखात्मे १९९७ मध्ये गेले. भूक निर्देशांकातला कुपोषणाचा आकडा आजही अन्न व कृषी संघटनेकडून येतो आणि त्या पद्धतीचं मूळ सुखात्मेंच्या कामात आहे. बाकीचे तीन निकष लहान मुलांची वाढ, वजन आणि मृत्यूदराचे आहेत. हेडलाईनमध्ये मात्र एकच शब्द असतो, भूक.

त्यामुळे पुढच्या वेळी असा आकडा आला, की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: मोजलं काय, कोणाला मोजलं आणि रेषा कुठे आखली. आकडा आवडणारा असो वा न आवडणारा.