स्वयंपाकघराचे इंजिनिअर

असेंब्ली लाइन म्हटलं की आपल्याला हेन्री फोर्ड आठवतो. पण फोर्डच्या वीसेक वर्षं आधी एका फ्रेंच आचाऱ्याने साधारण तशीच आयडिया चक्क किचनमध्ये वापरली होती. त्यांचं नाव ऑग्युस्त एस्कोफिए.

त्यांचा जन्म १८४६ चा, नीस शहराजवळच्या एका छोट्या गावातला. त्यांना व्हायचं होतं शिल्पकार, पण तेराव्या वर्षी काकांच्या रेस्टॉरंटमध्ये कामाला लागावं लागलं. तेव्हाची किचन्स म्हणजे नरकच! कोळशाची धग, धूर, आरडाओरडा, शिवीगाळ आणि दारू. एस्कोफिए बुटके होते, म्हणून भट्टीपासून चेहरा थोडा वर राहावा यासाठी ते उंच टाचांचे बूट घालत.

१८७० च्या युद्धात ते फ्रेंच सैन्याचे आचारी होते. मेट्झ शहराला वेढा पडला, धान्य संपलं, तेव्हा घोड्याचं मांस शिजवून त्यांनी अधिकाऱ्यांना जेवू घातलं. सैन्यातली शिस्त मात्र त्यांच्या कायम लक्षात राहिली.

१८९० मध्ये सेझार रिट्झ या मॅनेजरबरोबर ते लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आले आणि तिथे ही शिस्त लावली. आधी एक डिश बऱ्याचदा एकच जण पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचा. आता अंडी एकाकडे, भाजलेलं मांस दुसऱ्याकडे, सॉस तिसऱ्याकडे. सगळं एकाच वेळी तयार, गिऱ्हाइकाच्या टेबलावर गरमागरम! शिवाय किचनमध्ये ओरडायचं नाही, दारू प्यायची नाही. तहान लागली तर बार्लीचं पेय ठेवलेलं असे. मला वाटतं, खरी क्रांती हीच होती. राबणाऱ्या माणसाला त्यांनी मान दिला.

पण ते काही देव नव्हते. १८९८ मध्ये सॅव्हॉयने रिट्झ आणि त्यांना दोघांनाही काढून टाकलं. सप्लायर्सकडून कमिशन घेतल्याचं एस्कोफिए यांनी १९०० मध्ये लेखी कबूल केलं. हा कागद कित्येक दशकं गुप्त राहिला. मला हे वाचून वाईट वाटलं, तरी ते लपवून त्यांचं चरित्र सांगणं बरोबर नाही.

पुढे त्यांनी लंडनचं कार्लटन हॉटेल नावारूपाला आणलं. १९०३ मध्ये पाच हजारांच्या आसपास पाककृतींचं पुस्तक काढलं, ते शेफ लोक आजही वापरतात. गायिका नेली मेल्बा यांच्यासाठी केलेलं पीच मेल्बा तर जगभर गेलं. १९३५ मध्ये, पत्नीनंतर काही दिवसांतच, ते वारले.

आज मोठ्या हॉटेलांत शेफला सलाम मिळतो, त्यामागे या माणसाचे कष्ट आहेत. आपल्या मेसमध्ये पहाटेपासून भट्टीपुढे उभे राहणारे काका आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशी हेही त्याच धंद्यातले. भाजी खारट झाली तर जरूर सांगा, पण ओरडून नको.